टेक्सासचा नकाशा आणि सहा जागांचा हिशेब

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्या आकड्यांवरून प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा पन्नास राज्यांत नव्याने वाटल्या जातात. कोणत्या राज्याला किती जागा, हे गणिताने ठरते. त्यात वादाला फारसा वाव नाही. वाद सुरू होतो तो त्यानंतर. राज्याच्या वाट्याला आलेल्या मतदारसंघांच्या सीमा बहुतेक ठिकाणी तेथील विधिमंडळच आखते. साहजिकच ज्या पक्षाचे बहुमत, त्याच्याच हाती नकाशा. भारतात हे काम परिसीमन आयोगाकडे असते. खासदार-आमदार त्याचे सहयोगी सदस्य असले, तरी त्यांना मताधिकार नसतो. २००९ ची लोकसभा निवडणूक ज्या नव्या सीमांनुसार झाली, त्या न्या. कुलदीप सिंग आयोगाने ठरविल्या होत्या. अमेरिकेत मात्र उमेदवार आपले मतदार निवडतात, असे उपरोधाने म्हटले जाते. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकिर्दीत आखलेला एक वेडावाकडा मतदारसंघ सॅलॅमँडर या प्राण्यासारखा दिसला, आणि त्यावरून या खेळाला ‘गेरीमँडरिंग’ हे नाव पडले.

हा खेळ किती टोकाला जाऊ शकतो, हे टेक्सासमध्ये २००३ आणि २००४ या दोन वर्षांत दिसले.

२००० च्या जनगणनेनंतर टेक्सासच्या जागा ३० वरून ३२ झाल्या. २००१ मध्ये राज्याचे कनिष्ठ सभागृह डेमोक्रॅटिक पक्षाकडे, तर सिनेट रिपब्लिकन पक्षाकडे होते. त्यामुळे नकाशावर एकमत झाले नाही आणि अखेर संघराज्याच्या तीन न्यायाधीशांच्या न्यायपीठाने तो आखून दिला. न्यायालयाने शक्यतो जुन्याच सीमा कायम ठेवल्या. त्या सीमा १९९१ च्या, डेमोक्रॅटिक पक्षाने स्वतःच्या सोयीने आखलेल्या. परिणामी २००२ मध्ये राज्यव्यापी पदांसाठी रिपब्लिकनांना ५९ टक्के आणि डेमोक्रॅटांना ४० टक्के मते मिळाली, तरी प्रतिनिधिगृहात मात्र डेमोक्रॅट १७ आणि रिपब्लिकन १५ असे चित्र राहिले. रिपब्लिकनांची तक्रार निराधार नव्हती, हे आधीच नोंदवायला हवे. १९९१ चा नकाशा हाही काही संतांनी आखलेला नव्हता.

मात्र २००२ च्याच निवडणुकीत राज्याचे कनिष्ठ सभागृहही रिपब्लिकनांच्या हाती गेले. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर असे प्रथमच घडत होते. वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकनांचे बहुमत नेते टॉम डीले हे टेक्सासचेच. न्यायालयाने दिलेला नकाशा दहा वर्षे चालवायचा, हा संकेत मोडून तो मध्येच बदलावा, असा आग्रह त्यांनी धरला. कायद्यात याला मनाई नव्हती. परंपरेत मात्र होती.

पुढे जे घडले ते एखाद्या प्रहसनात शोभावे असे होते. टेक्सासच्या कनिष्ठ सभागृहाची सदस्यसंख्या १५० आणि गणपूर्तीसाठी १०० जणांची उपस्थिती आवश्यक. मे २००३ मध्ये पन्नासहून अधिक डेमोक्रॅटिक सदस्य रातोरात सीमा ओलांडून शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातील आर्डमोर या गावी एका हॉटेलात जाऊन राहिले. टेक्सासच्या पोलिसांना राज्याबाहेर अधिकार नसल्यामुळे त्यांना पकडून सभागृहात आणणे अशक्य झाले. डीले यांच्या कार्यालयाने तर एका डेमोक्रॅटिक नेत्याच्या विमानाचा माग काढण्यासाठी केंद्रीय हवाई वाहतूक प्रशासनाकडे विचारणा केली. या प्रकाराबद्दल प्रतिनिधिगृहाच्या नीतिमत्ता समितीने ऑक्टोबर २००४ मध्ये डीले यांना समज दिली. विधेयक मांडण्याची मुदत टळताच फरारी आमदार परतले.

पण गव्हर्नर रिक पेरी माघार घेणारे नव्हते. त्यांनी विशेष अधिवेशने बोलावली. सिनेटमध्ये ३१ पैकी १९ रिपब्लिकन, १२ डेमोक्रॅट. गणपूर्ती २१ ची. दोन तृतीयांश संमतीशिवाय विधेयक चर्चेला घ्यायचे नाही, अशी सिनेटची जुनी प्रथा होती. ती प्रथा बाजूला ठेवण्याचे संकेत मिळताच जुलैअखेर ११ डेमोक्रॅटिक सिनेटर न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्कला निघून गेले. उरले २०. एका माणसाअभावी सिनेट महिनाभर ठप्प झाले. सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनचे जॉन व्हिटमायर परतले, आणि तिसऱ्या विशेष अधिवेशनात, ऑक्टोबर २००३ मध्ये, नवा नकाशा मंजूर झाला. शेवटचे काही दिवस तर भांडण रिपब्लिकनांचे आपापसातच होते. सभापती टॉम क्रॅडिक यांना आपल्या मिडलंड शहरासाठी स्वतंत्र मतदारसंघ हवा होता. तो त्यांना मिळालाही.

नवा नकाशा आखणाऱ्यांचे तंत्र साधे होते. मतदारसंघाची लोकसंख्या अचूक सारखी ठेवणे घटनेने बंधनकारक. प्रत्येकात ६,५१,६१९ माणसे, फार तर एखादा जास्त. पण ही माणसे कुठून घ्यायची, यावर बंधन नाही. ग्रामीण टेक्सासमध्ये अजूनही निवडून येणाऱ्या गौरवर्णीय डेमोक्रॅटांना हेरून त्यांचे जुने मतदार काढून घेण्यात आले आणि त्यांना अनोळखी, रिपब्लिकन वळणाच्या प्रदेशात लोटण्यात आले. डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असलेले राजधानीचे ऑस्टिन शहर तीन मतदारसंघांत विभागले गेले. त्यांपैकी दहावा पूर्वेकडे ह्यूस्टनच्या उपनगरांपर्यंत गेला. पंचविसावा ऑस्टिनपासून दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सुमारे तीनशे मैल चिंचोळ्या पट्टीसारखा पसरला. ऑस्टिनचे खासदार लॉइड डॉगेट यांना या पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी, सीमेवरील स्पॅनिशभाषक मतदारांशी, नव्याने ओळख करून घ्यावी लागली.

नोव्हेंबर २००४ मध्ये निकाल लागला: रिपब्लिकन २१, डेमोक्रॅट ११. राज्यव्यापी मतांचे प्रमाण ५८ विरुद्ध ४१, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचेच जवळजवळ. मतदार बदलले नव्हते, रेषा बदलल्या होत्या. सहा जागांचा हिशेब माणसांच्या नावांनिशी मांडता येतो. राल्फ हॉल यांनी जानेवारीतच पक्षांतर करून रिपब्लिकन पक्षाचा आश्रय घेतला. जिम टर्नर यांनी उभे न राहणेच पसंत केले. पाव शतक शेतकऱ्यांचे प्रश्न मांडणारे चार्ल्स स्टेनहोम रँडी न्यूगेबावर यांच्याकडून, मॅक्स सँडलिन लुई गोमर्ट यांच्याकडून आणि निक लॅम्पसन टेड पो यांच्याकडून पराभूत झाले. मार्टिन फ्रॉस्ट यांना पीट सेशन्स यांनी हरविले. फ्रॉस्ट हे १९९१ च्या नकाशाचे एक प्रमुख सूत्रधार मानले जात. नियतीचा हा न्याय त्यांच्या विरोधकांनी चवीने सांगितला. वाचले ते वेको परिसरातील चेट एडवर्ड्स, तेही थोडक्यात.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतही या नकाशाने उलथापालथ केली. ह्यूस्टनमध्ये ख्रिस बेल हे विद्यमान खासदार पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीय नेते अल ग्रीन यांच्याकडून हरले. अठ्ठाविसाव्या मतदारसंघात हेन्री क्वेयार यांनी सिरो रॉड्रिगेझ यांना फेरमोजणीनंतर अवघ्या ५८ मतांनी मागे टाकले.

या साऱ्यात खरी किंमत मोजली ती लॅरेडो शहरातील मतदारांनी. तेविसाव्या मतदारसंघात रिपब्लिकन हेन्री बोनिया यांचा पाया लॅटिनो मतदारांत खचत चालला होता आणि २००२ मध्ये ते निसटते निवडून आले होते. त्यावर उपाय म्हणून लॅरेडो ज्या वेब काउंटीत आहे, तेथील सुमारे एक लाख लोक, बहुतांश लॅटिनो, शेजारच्या मतदारसंघात ढकलण्यात आले. मतदानाच्या वयाच्या नागरिकांतील लॅटिनोंचे प्रमाण ५७.५ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आले. हा नकाशा मतदान हक्क कायद्याचा भंग करतो, असे न्याय खात्याच्या कायमस्वरूपी सेवेतील वकिलांनी २००३ मध्येच लिहून दिले होते. वरिष्ठांनी तो अभिप्राय डावलला. त्याची वाच्यता २००५ च्या अखेरीस झाली.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ जून २००६ रोजी आला. दशकाच्या मध्येच पुनर्रचना करणे घटनाबाह्य नाही, आणि पक्षीय हेतू होता एवढ्यावरून संपूर्ण नकाशा रद्द करता येणार नाही, असे बहुमताने ठरले. मात्र न्या. अँथनी केनेडी यांनी तेविसाव्या मतदारसंघापुरता आक्षेप मान्य केला. लॅटिनो मतदार आपले बळ वापरण्याच्या बेतात असतानाच ते काढून घेतले गेले, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्यानंतर पाच मतदारसंघ पुन्हा आखले गेले. डिसेंबर २००६ च्या फेरलढतीत बोनिया यांना हरविले ते, दोन वर्षांपूर्वी ५८ मतांनी गेलेल्या सिरो रॉड्रिगेझ यांनी.

डीले यांच्यावर २००५ मध्ये, राज्य विधिमंडळाच्या २००२ च्या निवडणुकीत कंपन्यांचा पैसा वळविल्याचा खटला भरला गेला. २००६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांची जागा निक लॅम्पसन यांनीच जिंकली. २०१० मध्ये डीले दोषी ठरले, पण २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. मूळ प्रश्नावर सर्वोच्च न्यायालय पुढे आणखी मागे सरकले: निव्वळ पक्षीय गेरीमँडरिंगच्या तक्रारी केंद्रीय न्यायालयांच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय २०१९ मध्ये झाला.

टेक्सासने २०२५ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला. राज्याच्या ३८ जागांपैकी २०२४ मध्ये २५ जिंकलेल्या रिपब्लिकनांनी आणखी पाच जागांवर डोळा ठेवून दशकाच्या मध्येच नवा नकाशा आणला. डेमोक्रॅटिक आमदार या वेळी इलिनॉय राज्यात निघून गेले आणि पुन्हा परतले. नव्या रेषांनी ऑस्टिनमधील दोन डेमोक्रॅटिक खासदारांना एकाच मतदारसंघात आणले. त्यांपैकी एक लॉइड डॉगेट, २००४ मध्ये तीनशे मैलांची पट्टी पालथी घालून टिकलेले. हा नकाशा कायम राहिला तर आपण पुन्हा उभे राहणार नाही, असे त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०२६ च्या निवडणुकीसाठी तो नकाशा वापरण्यास मुभा दिली.