पोळीतील हवेली आणि आजचा पाहुणा

१/ अहमदशहाने १४११ मध्ये वसविलेल्या अहमदाबादेत ‘पोळ’ म्हणजे एका दरवाजाआडची गल्लीबंद वस्ती. १७५३ नंतर येथे पेशवे व गायकवाड यांचा संयुक्त अंमल होता.

२/ पोळीतील हवेलीच्या मध्यभागी उघडा चौक असे. तापलेली हवा त्यातून वर निघून जाई. चौकाखालच्या टाक्यात छपरावरचे पाणी साठे आणि उन्हाळ्यात उपयोगी पडे.

३/ नळ आले, टाकी विस्मरणात गेली. अनेक कुटुंबे साबरमतीपार राहावयास गेली; कोरीव खांब विकले गेले.

४/ २०१७ मध्ये युनेस्कोने या नगरास जागतिक वारशाचा दर्जा दिला. काही हवेल्या आता अतिथिगृहे झाल्या आहेत. घरमालक तेथेच राहत असेल, तर पाहुण्याच्या भाड्यातून टाकेही राखले जाते आणि शेजारही. तो निघून गेला, तर मागे केवळ देखणा दर्शनी भाग उरतो.