मोटारीची बॅटरी

मोटारीची बॅटरी ही इंजिन सुरू करण्यासाठी लागणारी वीज पुरवणारी, पुन्हा प्रभारित करता येणारी विद्युतघटमाला आहे. इंजिन बंद असताना दिवे, भोंगा इत्यादींनाही तीच वीज पुरवते. बॅटरी उतरणे हे गाडी सुरू न होण्याचे प्रमुख कारण असले, तरी ते एकमेव नाही. त्यामुळे बॅटरी बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे तपासणे आवश्यक असते.

इतिहास

शिसे-आम्ल विद्युतघट फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. सुरुवातीच्या मोटारी हाताने दांडा फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिल्यास हात मोडण्याचा धोका असे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसवण्यात आला. पुढे स्टार्टरबरोबर बॅटरीही मोटारीचा अविभाज्य भाग बनली.

रचना

बहुतेक प्रवासी मोटारींत १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. तीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट एकसरीत जोडलेले असतात. धन पट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल असते. वीज खर्च होताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. प्रभारणात त्याचे पुन्हा मूळ पदार्थांत रूपांतर होते. बॅटरी दीर्घकाळ उतरलेली राहिल्यास सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात व तिची क्षमता कायमची घटते.

दोषनिदान

किल्ली फिरवल्यावर मिळणाऱ्या प्रतिसादावरून दोषाचा प्राथमिक अंदाज बांधता येतो.

* केवळ ‘टक् टक्’ असा आवाज येऊन दिवे मंदावल्यास बॅटरी उतरलेली असते किंवा तिची टर्मिनले सैल अथवा क्षारांनी माखलेली असतात.
* दिवे प्रखर असूनही स्टार्टर फिरत नसल्यास स्टार्टर, त्याचा रिले किंवा किल्लीचा स्विच तपासावा लागतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीत गिअर ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’वर नसल्यासही असे घडते.
* स्टार्टर नेहमीच्या वेगाने फिरूनही इंजिन सुरू होत नसल्यास दोष बहुधा इंधनपुरवठ्यात किंवा प्रज्वलनात असतो. अशा वेळी बॅटरी बदलून उपयोग होत नाही.

निश्चित निदानासाठी मल्टिमीटर वापरतात. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण प्रभारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपासची बॅटरी जवळजवळ उतरलेली असते. इंजिन चालू असताना हा आकडा साधारणपणे १३.५ ते १४.५ असावा. तो वाढत नसल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा सदोष असण्याची शक्यता असते. हा दोष दूर न केल्यास नवी बॅटरीही उतरते.

बॅटरी बदलणे

नवी बॅटरी त्याच व्होल्टची, योग्य क्षमतेची व आकाराची असावी लागते. धन व ऋण टर्मिनलांची बाजूही जुळावी लागते. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचीच बॅटरी बसवतात.

इंजिन व सर्व दिवे बंद करून प्रथम ऋण टर्मिनलाची व नंतर धन टर्मिनलाची तार काढतात. बहुतेक गाड्यांचा सांगाडा ऋण टर्मिनलाला जोडलेला असतो. धन टर्मिनल आधी सोडवताना पान्हा सांगाड्याला टेकल्यास शॉर्टसर्किट होते. ऋण तार आधी काढल्याने हा धोका टळतो. जोडताना क्रम उलट, म्हणजे आधी धन व मग ऋण, असा असतो. तारांच्या टोकांवरील क्षार खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन टोके कोरडी करतात. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो. म्हणून जवळ ठिणगी किंवा ज्योत नसावी. आम्लापासून बचावासाठी हातमोजे व चष्मा वापरतात.

जुन्या बॅटरीची विल्हेवाट

शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस विशेष घातक आहे. बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवल्यास परिसरातील हवा व माती दूषित होते. शिशाचा पुनर्वापर करता येतो. मात्र त्यासाठी नियंत्रित कारखान्याची गरज असते. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अनेक विक्रेते जुनी बॅटरी परत घेऊन नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देतात.