संगमावरची इमारत आणि वऱ्हाडचे अंतर

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाची दगडी, गॉथिक धाटणीची इमारत उभी आहे. तिच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी पुण्यात बसून लिहिले गेले. आम्ही ती बोरी अरबच्या बाजूने पाहणार आहोत. दारव्हा तालुक्यातल्या या गावाचा त्या इमारतीशी काय संबंध, असे वाचकास वाटेल. आमचे म्हणणे असे की संबंध आहे, आणि तो मुख्यतः अंतराचा आहे.

संस्थेचा आरंभ दगडी नव्हता. जुलै १८५४ मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने सुरू झालेला वर्ग तीन लहान घरांत आणि एका छपराखाली भरत असे. हेतूही तेवढाच बेताचा होता. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांवर सरकारला हाताखालची माणसे हवी होती. आराखडा साहेबाने करावा, देखरेख नेटिवाने करावी, अशी ती वाटणी. संस्थेच्या प्राचीनतेचा अभिमान सांगताना हा मूळ हेतू सहसा गाळला जातो.

५ ऑगस्ट १८६५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी नव्या इमारतीची कोनशिला बसवली. ही तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध त्याच वसंतात संपले होते. युद्धकाळात अमेरिकेचा कापूस अडल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर मदार ठेवली, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १ जुलै १८६५ रोजी तेथील सट्टा कोसळला. कोनशिला त्यानंतर पाचच आठवड्यांनी बसली. फ्रिअरच्या कारकिर्दीतील भव्य इमारती याच सुबत्तेच्या छायेत आखल्या गेल्या. पुण्याच्या या इमारतीस सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांची देणगी होती. कोणता रुपया कोणत्या बोंडातून आला हे सांगता येत नाही. परंतु मुंबईहून जो कापूस विलायतेस गेला त्यात वऱ्हाडचा वाटा होता, आणि दारव्हा तालुका तेव्हाच्या वणी जिल्ह्यात, वऱ्हाडातच, मोडत होता.

१८६६ मध्ये संस्था मुंबई विद्यापीठास जोडली गेली, आणि हाताखालच्या माणसांच्या शाळेतून पदवीधर स्थापत्यविशारद निघू लागले. विस्तार झाला तो खोल्यांइतकाच विषयांचाही. १८७९-८० च्या सुमारास शेतीचे आणि वनविद्येचे वर्ग आले, व नाव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले. पुढे शेतीसाठी पुण्यातच निराळे महाविद्यालय निघाले आणि १९११ मध्ये नाव पुन्हा अभियांत्रिकीवर आले. ही फारकत व्यवहार्य असेलही, पण आम्हांला तिची हळहळ वाटते. कालवा काढणारा आणि त्या पाण्यावरचे पीक जाणणारा, हे दोघे काही वर्षे एकाच छताखाली शिकत होते. त्यानंतर १९१२ मध्ये यंत्र, १९३२ मध्ये विद्युत, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास दूरसंचार व धातुशास्त्र या शाखांची भर पडली.

या इमारतीचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी दूरदेशीचा होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर येथे आले आणि १८८३ मध्ये पहिले आले. ज्या मुठेच्या काठी ते शिकले तिच्यावरच वरच्या अंगाला, खडकवासल्यास, त्यांनी १९०३ मध्ये आपोआप उघडणारी दारे बसवली. म्हैसूरहून पुण्यास येण्याची वाट एका संस्थानाने केली होती.

वऱ्हाड मात्र दुसऱ्याच प्रांतात होते. नागपूर विद्यापीठास रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातून मोठी रक्कम मिळाली आणि तीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली. पण तिचा भर रासायनिक तंत्रावर होता. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते १९४७ मध्ये, जबलपुरास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतरचना बदलली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. सीमारेषेबरोबर महाविद्यालय पलीकडे गेले, याचा उल्लेख आम्हांला संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासांत क्वचितच आढळतो.

याची जाणीव काहींना आधीच असावी. १९५३ च्या नागपूर करारात तांत्रिक शिक्षणसंस्थांतील प्रवेश तिन्ही विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात मिळावेत असे कलम आहे. राज्यघटनेच्या ३७१ (२) मध्येही तांत्रिक शिक्षणाच्या न्याय्य सोयींचा शब्द आहे. म्हणजे पुण्याच्या त्या वर्गखोल्यांतील बाकांची वाटणी हा राज्य घडण्याच्या अटींपैकी एक विषय होता.

१९६० मध्ये नागपुरास प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्यास विश्वेश्वरय्यांचेच नाव मिळाले. १९६४ मध्ये अमरावतीस शासकीय महाविद्यालय निघाले. पुण्याची संस्था २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. बोरी अरबचा विद्यार्थी सकाळी एस.टी.ने जाऊन संध्याकाळी घरी परतू शकेल इतक्या जवळ, यवतमाळास, अभियांत्रिकी महाविद्यालय आले ते १९९६ मध्ये. फ्रिअरसाहेबांच्या कोनशिलेस तेव्हा १३१ वर्षे झाली होती.