मूठभर जोंधळा

कसबा बावड्यातील लक्ष्मीविलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव घाटगे पुढे करवीरच्या गादीवर शाहू छत्रपती म्हणून बसले, आणि १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम सोडला, तेव्हा खेड्यातील निर्धन शाळेचा प्रश्न दानधर्माच्या कक्षेतून उठून दरबारच्या दफ्तरात दाखल झाला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड ठरला. इमारत नसेल तेथे चावडी, देऊळ किंवा धर्मशाळा हीच शाळा झाली. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही महाराजांनी बंद करविल्या.

परंतु हुकुमाने पाटी हाती येते, पोट भरत नाही. गावची शाळा संपवून शहरात आलेल्या रयतेच्या पोराने जेवावे कोठे, या एकाच प्रश्नावर कित्येकांचे शिक्षण खुंटे. म्हणूनच १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी दरबारच्या आश्रयाने वसतिगृहे उभी राहिली.

त्यांपैकी जैन बोर्डिंगात कुंभोज येथे जन्मलेला भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहिला होता. त्यानेच १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि जे कोल्हापुरात राजाच्या खजिन्यातून झाले ते गोरगरिबांच्या मडक्यातून करून दाखविले. जात्यावर बसण्यापूर्वी गृहिणीने सुपातील जोंधळ्याची एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकावी आणि ते धान्य वसतिगृहात पोचते व्हावे, अशी ती मुष्टिफंडाची रीत. ज्या घरी उद्याच्या भाकरीची भ्रांत, त्या घरचीही मूठ तीत असे. तिला भीक म्हणणे मला अधर्म वाटतो. आणि मडकी रिती पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, अखेरीस मंगळसूत्रही.

दूर आफ्रिकेत, १९६३ साली स्वतंत्र झालेल्या केनियात, ‘हारांबे’ म्हणजे ‘सारे मिळून ओढूया’ या हाकेसरशी खेडुतांनी वर्गणी व श्रमदान करून शेकडो शाळा उभारल्या. ते लोक आपल्याला परके कसे वाटावेत? तेथील एखाद्या शाळेसाठी आज कोणी आपल्या दारी आले, तर बावड्याच्या, कुंभोजच्या माणसाने हात आखडू नये. आपल्याही पोरांची पाटी कोणाच्या तरी मुठीतून आली आहे.

लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या. रयतेचे पहिले महाविद्यालय साताऱ्यात निघाले ते १९४७ साली.