पाहण्याचे शहर: जुन्या गोव्याचा मागोवा

चौसाळ्यातून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग आपण तुळजापूर आणि सोलापूरच्या पलीकडे फारसा मनात आणत नाही. हाच राष्ट्रीय महामार्ग 52 पुढे विजापूर आणि हुबळी ओलांडून सह्याद्री उतरतो व गोव्याच्या दक्षिणेला अंकोल्यापाशी समुद्राला भिडतो. पठारावरून कोकणपट्टीकडे जाणाऱ्या अशा वाटांवर शतकानुशतके घोडे, कापड आणि फौजा यांची ये-जा होती. आज चौसाळ्याहून गोव्याला निघालेले कुटुंब किनारा पाहते, देवदर्शन करते आणि परतीच्या वाटेवर दोन तास जुन्या गोव्यातल्या चर्चना देते. या दोन तासांमागे पाच शतकांची परंपरा आहे. हे शहर पाहायला लोक केव्हापासून येऊ लागले आणि प्रत्येक काळात त्यांनी नेमके काय पाहिले, हे आपण क्रमाने पाहू.

1472 साली बहमनी वजीर महमूद गावान याने विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला. त्या वेळी आपला मराठवाडाही बहमनी राज्यातच होता. जुवारीच्या काठची कदंब राजांची जुनी राजधानी तोवर ओस पडत चालली होती आणि व्यापार मांडवीच्या काठी, एला या बंदरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, सरकला होता. बहमनी राज्य फुटल्यावर हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीकडे आले. अरबस्तान आणि इराणातून येणारे घोडे इथे उतरत आणि घाट चढून दख्खनेत जात. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकेर्क याने 1510 च्या फेब्रुवारीत हे शहर घेतले, मे महिन्यात ते गमावले आणि 25 नोव्हेंबरला पुन्हा जिंकले. तो दिवस सेंट कॅथरिनचा. म्हणून विजयानंतर लगेच बांधलेले लहानसे प्रार्थनाघर तिच्या नावाने उभे राहिले आणि पुढे आशियातील भव्य कॅथेड्रलांत गणले गेलेले से कॅथेड्रलही तिलाच अर्पण झाले. आदिलशाही वाड्यापैकी आज काळ्या दगडाची एक कोरीव चौकट तेवढी उरली आहे. सेंट कॅजेटनच्या चर्चच्या आवारातील या चौकटीपाशी फार कोणी थांबत नाही. मला मात्र साऱ्या परिसरात तीच सर्वांत बोलकी वाटते, कारण विजापूरहून आलेल्या माणसाला ओळखीचे असे तिथे तेवढेच आहे.

से कॅथेड्रलचे काम 1562 साली हाती घेतले गेले आणि मुख्य इमारत 1619 साली पुरी झाली. लांबी सुमारे 76 मीटर, रुंदी सुमारे 55 मीटर. हे काम चालू असतानाच 1570 च्या अखेरीस अली आदिलशहा आणि मुर्तजा निजामशहा यांनी मिळून पोर्तुगीजांवर चढाई केली. आदिलशहाने गोव्याला वेढा दिला आणि निजामशहा पोर्तुगीजांच्या चौलवर गेला. बीड आणि धारूरचा आपला मुलूख तेव्हा निजामशाहीत होता, म्हणजे हे युद्ध आपल्याही राज्याचे होते. दोन्ही वेढे फसले. याच निजामशाहीच्या दरबाराशी गोव्याचे दुसरेही नाते होते. गार्सिया द ओर्ता हा गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहावर उपचार करी आणि अहमदनगरच्या हकिमांशी औषधींविषयी चर्चा करी. त्याचा वनौषधींवरचा संवादग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. भारतातला पहिला छापखाना 1556 साली याच शहरात आला होता.

या भरभराटीच्या काळात पाहुणे आले ते चालते-बोलते शहर पाहायला. यान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 साली आर्चबिशपच्या पदरी नोकरीला आला. 1596 साली छापलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात गोव्याच्या मुख्य रस्त्यावरील बाजाराचे चित्र आहे. त्यात पालख्या आहेत, छत्र्या आहेत, लिलाव पुकारणारे लोक आहेत. विकायला उभी केलेली माणसेही त्या बाजारात होती, हे विसरता येत नाही. त्याच ग्रंथातील सागरी माहितीच्या जोरावर डच जहाजे पूर्वेकडे निघाली आणि पोर्तुगीजांच्या मक्तेदारीला सुरुंग लागला. 1608 साली फ्रेंच खलाशी पिरार द लाव्हाल आजारी कैदी म्हणून इथे पोचला आणि इथल्या राजेशाही रुग्णालयाची तोंड भरून स्तुती करून गेला. ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हणच तेव्हा पोर्तुगीजांत रूढ झाली. पण 1560 पासून याच शहरात इन्क्विझिशनचे, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीचे, न्यायासनही होते. फ्रेंच वैद्य देलाँ याने त्या तुरुंगातील आपला अनुभव 1687 साली छापला आणि युरोपात गोव्याची दुसरी, काळी ओळख पसरली. ते न्यायासन कायमचे बंद व्हायला 1812 साल उजाडावे लागले.

दरम्यान शहराला साथींनी पोखरले. व्यापार डचांनी हिरावला, विहिरींचे पाणी दूषित झाले, माणसे घरे सोडून गेली. 1683 साली संभाजीराजांनी शेजारचे जुवे बेट घेतले तेव्हा शहर इतके दुबळे होते, की व्हाइसरॉयने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड संताच्या पायाशी ठेवला आणि रक्षणाची याचना केली. 1695 साली व्हाइसरॉयने पणेलीला मुक्काम हलवला, 1759 साली पणजीला, आणि 1843 साली पणजी अधिकृत राजधानी झाली. से कॅथेड्रलचा एक मनोरा 1776 साली कोसळला. तो पुन्हा बांधण्याची ऐपत कोणाला राहिली नव्हती, म्हणून ती इमारत आजही एकाच मनोऱ्याची आहे.

शहर मरत असताना ते पाहण्याची प्रथा मात्र वाढत गेली. 1552 साली चीनच्या किनाऱ्यावरील बेटावर वारलेल्या झेवियरचा देह 1554 साली गोव्यात आला होता. त्याचे पहिले जाहीर दर्शन 1782 साली घडवण्यात आले. 1859 पासून अशी दर्शने अधूनमधून होऊ लागली आणि 1964 पासून दर दहा वर्षांनी होण्याचा परिपाठ पडला. अलीकडचे दर्शन नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात झाले. यात्रेकरूंच्या पाठोपाठ अवशेष पाहणारे आले. 1835 च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठ ओस पडले. सेंट ऑगस्टीनच्या चर्चचे छत 1842 साली खाली आले, दर्शनी भागाचा मोठा तुकडा 1931 साली कोसळला, आणि उरला तो सुमारे 46 मीटर उंचीचा लाल जांभ्या दगडाचा मनोरा. त्या चर्चची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन 1847 साली आला तेव्हा त्याने पाहिली ती पडझड. ज्या गोमंतकीयाने हे सारे नोंदवले, त्या जुझे निकोलाव द फोन्सेका याचा 1878 चा ग्रंथ आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आले आणि 1986 साली ही चर्चे व मठ जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. आजचा सहलीचा बसथांबा पाहणाऱ्यांच्या या परंपरेच्या अगदी शेवटी येतो.

पण कॅथेड्रलचा परिसर पाहिला म्हणजे हे शहर पाहून झाले, हे मला मान्य नाही. मंगेशीचे दैवत कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून फोंड्याच्या डोंगराळ मुलखात गेली, ती देवळे पाडण्याच्या, या शहरातून निघालेल्या फर्मानांमुळे. शांतादुर्गेचे कवळ्यातील आजचे देऊळ शाहू महाराजांच्या काळात नारो राम मंत्र्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. कॅथेड्रल आणि ही देवळे ही एकाच इतिहासाची दोन पाने आहेत, आणि दुसरे पान उघडल्याशिवाय पहिल्याचा अर्थ लागत नाही.

म्हणून चौसाळ्याकडच्या वाचकांना माझी विनंती आहे, की या शहराला एक सबंध दिवस द्यावा आणि सुरुवात मांडवीच्या धक्क्यापासून करावी. तिथली कमान वास्को द गामाच्या पणतूने उभारली. ती 1954 साली नव्याने बांधली असली, तरी प्रत्येक नवा व्हाइसरॉय तिच्यातूनच शहरात शिरत असे. तिथून चढ चढत कॅथेड्रल, झेवियरचा देह असलेले बाँ जेझुसचे चर्च आणि ऑगस्टीनचा मनोरा पाहावा. मग धक्क्यावर परतून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात या बेटावर होते. ते देऊळ पाडले गेल्यावर लिंग पाण्यापलीकडे नार्व्याला नेण्यात आले. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाची फेरी आजही त्याच नार्व्याला उतरवते. 1668 साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि त्याचा शिलालेख दारावर आहे. तो वाचल्याशिवाय परतीची वाट धरू नये.