तलावातले झिंगे, कढईतले वाद

झिंग्यांच्या रश्श्यात ओलं खोबरं किती घालावं, हा प्रश्न मुर्रीच्या चुलीपुढे सहसा उभाच राहत नाही. गोंदिया शहराला लागून असलेल्या या गावाच्या आसमंतात धान, जवस, लाखोरी पिकतात. नारळ देवळात फोडायला विकत आणावा लागतो. मालवणी माणूस म्हणेल, वाटण नसेल तर कोलंबी शिजवायचीच कशाला? पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला माणूस तितक्याच ठसक्यात विचारेल, वांगं नाही, आंबाडी नाही, मग झिंगे शिजवायचेच कशाला? दोघंही खरं बोलतात, कारण दोघांच्या कढईत पडणारा जीव एक नाही, आणि ज्या पाण्यातून तो निघतो ते पाणीही एक नाही.

समुद्रकाठच्या मराठी माणसांचं तरी कुठे एकमत आहे? मालवणात ओलं खोबरं आणि कोकम. मुंबईच्या कोळीवाड्यात पातळ कालवण, कोळी मसाला, आंबटाला चिंच किंवा कैरी. पाठारे प्रभूंच्या भुजण्यात लसूण, मिरची, कोथिंबीर कच्चीच हाताने चोळून मग भांडं चुलीवर चढतं. खोबऱ्याचं वाटण तिथे लुडबूड समजलं जातं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 साली निघालं आणि या समाजाच्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी छापील झाल्या. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंनी सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, खिचडीत घातले. हे सगळे वाद लिहिले गेले, पुस्तकांत आले, पुढे हॉटेलांच्या पाट्यांवर चढले. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या झिंग्यांना तसा लेखक मिळाला नाही. विदर्भाचं मांसाहारी जेवण म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्ट्यांचा सावजी मसाला, एवढ्यावरच बाहेरच्यांची माहिती संपते. झाडीपट्टीच्या ताटावर हा अन्यायच आहे.

वादाचं मूळ प्राण्यातच आहे. गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा झिंगा वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्लं निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. त्याचा जन्म खाडीच्या तोंडाशी होतो आणि तिथून तो नदी चढत वर येतो. वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतं. त्या वाटेवर आर्थर कॉटनने धवळेश्वरमचा बंधारा 1852 साली पुरा केला आणि नंतर धरणं वाढतच गेली. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा पाया 1988 चा. मोठ्या झिंग्याची वर यायची वाट अशी अडत गेली. तलावातला बारका झिंगा मात्र घरकोंबडा. अंडी, पिल्लं, वाढ, मरण, सारं त्याच पाण्यात. मोठ्याचं कवच काढता येतं, पाठीतला काळा दोरा ओढता येतो, आणि तो चुलीवर जास्त वेळ राहिला की चिवट होतो, म्हणून त्याला मऊ, पटकन होणारं वाटण शोभतं. बोटाच्या पेराएवढ्या झिंग्याचं कवच कोण सोलत बसणार? तो डोक्यासकट, मिशांसकट खायचा. त्याची चव कवचात असते, आणि ती काढायला खरपूस भाजणी लागते.

ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सहा-सात हजार जुने तलाव आहेत, आणि त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे त्याने हे लोक पाहिले आणि त्यांना आपल्या मुलखात आणलं, अशी दंतकथा रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात नोंदवली. तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळे, म्हणून पाळी उभ्या राहिल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं आजही सांगतात. कोहळ्यांना झिंगे नको होते. त्यांना हवा होता ऊस आणि धान. झिंगे मागाहून आले, पाण्याबरोबर आपोआप, आणि ते वाट्याला आले मासेमार ढिवरांच्या.

ढिवरांनी मासे धरले, पालख्या वाहिल्या, पाणी भरलं, त्याच तलावांत शिंगाडे लावले. पावसाळ्यात धानाच्या एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी उतरतं, तिथे बांबूच्या पट्ट्यांचा सापळा लावला की सकाळपर्यंत बारके मासे आणि झिंगे जमतात. बोडी, म्हणजे लहान तळं, आटू लागली की बायका हातजाळं घेऊन काठच्या गवतात उतरतात. मोठा मासा बाजारात जायचा. बारकं घरी शिजायचं, उरलेलं अंगणात वाळायचं. मसाल्याचं शास्त्र घडलं ते या वाळवणात.

सुक्या झिंग्यांवरून तर घराघरात मतभेद. एक पक्ष म्हणतो, आधी कोरड्या तव्यावर भाजा, सुपात पाखडा, मिशा नि माती उडू द्या, मग गरम पाण्यातून काढा. दुसरा म्हणतो, भाजल्यावर पाणी दाखवलं की चव गेली. पाखडलेले झिंगे थेट फोडणीत टाकावे, पाणी मागून घालावं. या भांडणात दुसऱ्या पक्षाची बाजू जरा जड वाटते, पण झिंगे काठच्या चिखलाचे असतील तर पहिल्या पक्षाचं ऐकलेलं बरं; कचकच दाताखाली आली की तत्त्व बाजूला राहतं. तेल जुन्या घरांत जवसाचं. त्याचा उग्र वास झिंग्यांच्या वासाला तोडीस तोड असतो, आणि म्हणूनच ती जोडी जमली असावी. तिखटाला भिवापुरी मिरची, आंबटाला आंबाडी नाहीतर चिंच, अंगाला वांगं.

लाखोरीचं प्रकरण वेगळंच. कोवळ्या पानांची भाजी वाळवून ठेवायची आणि उन्हाळ्यात झिंग्यांबरोबर शिजवायची, ही धानकाठच्या गरिबीची हुशारी. लाखोरीच्या डाळीने पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर 1961 साली बंदी आली. महाराष्ट्राने ती 2008 मध्ये उठवली. कायदा डाळीचा होता. भाजीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि धान निघाल्यावर त्याच ओलीवर शेतकरी लाखोरी टाकतच राहिला.

मग झिंग्यांच्या वादात गोंदिया जिल्ह्यात तिसरा पक्ष आला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती अर्जुनी मोरगाव तालुक्यात वसल्या. अरुणनगर, गौरनगर ही त्यांतली नावं. त्यांनी मोहरीचं तेल आणलं, वाटलेली मोहरी आणली. झिंगा हा मोहरीतच खुलतो असं ते मानतात, शिवाय चिंगडीच्या मलाईकरीत नारळाचं दूधही घालतात. म्हणजे मालवण्याला जे पटलं असतं, ते गोंदिया जिल्ह्यात आलं बंगालच्या वाटेने. अमेरिकेत लुइझियानात गोड्या पाण्यातल्या क्रॉफिशवरून असाच तंटा आहे. ब्रो ब्रिज या गावाला 1959 साली तिथल्या विधिमंडळाने क्रॉफिशची जागतिक राजधानी ठरवलं. तिथले जुने लोक सांगतात, मसाला उकळत्या पाण्यातच हवा, आणि आच बंद केल्यावर तो प्राणी त्याच पाण्यात मुरू द्यायचा. 1975 नंतर टेक्ससमधल्या ह्यूस्टनला आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांनी उकडून झाल्यावर वरून लसणाचं लोणी ओतायला सुरुवात केली. जुन्यांनी नाकं मुरडली, तरुणांनी रांगा लावल्या.

गोंदियात मात्र मसाल्याचा वाद मिटायच्या आधी झिंगेच कमी झाले. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, 1951 मध्ये संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. पुढे मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे. ओडिशातल्या अंगुळला 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि काही वर्षांत रोहू, कटला, मृगळ यांचं बीज देशभर मिळू लागलं. ठेक्याची रक्कम भरायची तर वजनदार मासा हवा. बारक्या माशाला, झिंग्याला हिशोबाच्या वहीत रकाना नव्हता. त्यात बेशरम नावाच्या तणाने काठ व्यापले, गाळ साचला, पाणवनस्पती गेल्या. झिंग्याला लपायला जागा उरली नाही.

भंडाऱ्याचे तलाव-अभ्यासक मनीष राजनकर यांनी ढिवरांसोबत काम सुरू केलं ते याच टोकापासून. निमगावसारख्या गावांत बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या गेल्या, आणि देशी माशांचा हिशोब पुन्हा मांडला जाऊ लागला. बायकांनी तलावाबद्दल बोलायला सुरुवात केली तेव्हा चर्चेत वजनाबरोबर चवही आली, कारण रोहू विकायचा असतो आणि बारकं मुलांच्या ताटात पडतं.

आठवडी बाजारातल्या पाटीत आज समुद्राकडची सुकट असते, गोणीतून आलेली, खारट. ती घेणारी बाई घरी जाऊन वांग्यातच घालते, मीठ मात्र हात राखून टाकते; तलावाच्या झिंग्याला लागायचं तेवढं या सुकटीला लागत नाही.