होडीचे बूड आणि दोन बाटल्यांची राळ

लहानपणी पागोळ्यांच्या पाण्यात कागदाची होडी सोडली नाही, असा माणूस या सभेत विरळाच असेल. त्या होडीचे आयुष्य किती हे आपण सारे जाणतो. आज आम्हांला बोलायचे आहे ते तिच्या थोरल्या बहिणीविषयी, म्हणजे लाकडाच्या, हात-दीड हात लांबीच्या, तळ्यावर खरोखर चालणाऱ्या होडीविषयी; आणि त्यातही केवळ तिच्या बुडाविषयी. काचेच्या कपाटात ठेवायच्या जहाजाला कोणताही डिंक चालतो. पाण्यात सोडायच्या होडीचा प्रत्येक सांधा मात्र रोज परीक्षेला बसलेला असतो.

इंग्रजीतील 'रेझिन' या शब्दाला आपला जुना शब्द आहे राळ. झाडाच्या या चिकाचा नावेशी संबंध फार जुना आहे. फळ्यांच्या फटींत कापूस ठासावा, वर तेलात कढवलेली राळ भरावी आणि नाव पाण्यात लोटावी. पुढचे काम पाणीच करी. फळ्या फुगत आणि फटी मिटत. ही युक्ती मोठ्या नावेची. छोट्या होडीची फळी दोन-तीन मिलिमीटर जाडीची. ती पाणी प्यायली की फट मिटण्याऐवजी फळीच वाकते. तेव्हा छोट्या होडीला पाणी लाकडापर्यंत पोहोचूच न देणे भाग असते. मोठ्याचे शहाणपण लहानाला लागू पडत नाही ते असे.

सरसाची गोष्टही निराळी नाही. कातडी-हाडांचा सरस पाण्यात शिजवायचा, ऊन ऊन लावायचा. पाणी उडून गेले की तो धरतो. पण गेलेले पाणी परत आले की तो सोडतोही. सुताराच्या दुकानातला पांढरा गोंदही पाणी उडाल्यावरच धरतो, आणि त्याचा साधा प्रकार बराच वेळ ओला राहिला की मऊ पडतो. हे पदार्थ वाळतात. आम्हांला ज्या राळेचा इतिहास सांगायचा आहे ती वाळत नाही, ती घडते. दोन द्रव एकत्र येतात, त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात, आणि तयार होणारा तिसरा पदार्थ पुन्हा कधीही द्रव होत नाही.

या घडणाऱ्या राळेचा आरंभ 1907 साली अमेरिकेत बेकलंड यांच्या बेकेलाइटने झाला. पण ते उष्णता आणि दाब यांवाचून घडत नसे, म्हणून घरच्या कारागिराला त्याचा उपयोग नव्हता. त्यापुढचे पाऊल केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांनी टाकले. ते विमाने बांधणारे गृहस्थ. 1937 साली त्यांनी 'एरोलाइट' नावाचा सांधणारा पदार्थ काढला. एका फळीला राळ, दुसरीला आम्लाचे पाणी. दोन्ही भिडल्या की सांधा नेहमीच्या हवेतच घडू लागे.

याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां नावाचे रसायनज्ञ दंतवैद्यकाचे साहित्य करणाऱ्या एका संस्थेत काम करीत होते. त्यांना हवी होती कृत्रिम दातांसाठी न आकसणारी राळ. 1938 साली त्यांनी पेटंटासाठी अर्ज केला. दातांच्या धंद्यात ती फारशी चालली नाही. तिचे हक्क बाझेलच्या सिबा कंपनीकडे गेले आणि 1946 साली तीच वस्तू 'अराल्डाइट' या नावाने जगापुढे आली. तोंडातल्या ओलाव्यासाठी शोधलेली वस्तू तळ्यातल्या ओलाव्याला उपयोगी पडली, ही योगायोगाची गंमत आम्हांला नेहमी वाटत आली आहे.

मधल्या काळात महायुद्ध होऊन गेले आणि त्याचा एक धडा आपल्याच देशात मिळाला. ब्रिटिशांचे मॉस्किटो विमान लाकडाचे होते. बर्चच्या पातळ प्लायवुडमध्ये बाल्सा, म्हणजे छोट्या होड्या करणाऱ्यांचे आवडते हलके लाकूड. आरंभीच्या विमानांत दुधातल्या केसीनचा सरस वापरला होता. दमट हवेत तो टिकेना, म्हणून कृत्रिम राळ आली. तरीही 1944 च्या अखेरीस हिंदुस्थानातली ही विमाने हवेत मोडल्याचे अपघात झाले, आणि नोव्हेंबरात ती तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली. दोष आपल्या उन्हापावसाचा की कारखान्यातल्या हातांचा, यावर बराच वाद झाला. पंखांचे सांधे नीट भिडवलेले नाहीत, हे मात्र तपासणीत पुष्कळ ठिकाणी आढळले. राळ कितीही चांगली असो, जिथे ती पोहोचलीच नाही तिथे ती काय धरणार?

पुढे 1963 साली लंडनच्या नौका-प्रदर्शनात 'मिरर' नावाची लाल शिडांची होडी मांडली गेली. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे, आणि शिवणीवर काचतंतूची पट्टी पॉलिएस्टर राळेत भिजवून बसवायची. फळी शिवावी हे कुणा शिंप्याला सुचावे तसे वाटते, पण या रीतीने लोकांनी घरोघरी सत्तर हजारांवर होड्या बांधल्या. छोट्या होड्या करणाऱ्यांनीही हीच शिवण उचलली.

येथे एक घोटाळा उलगडला पाहिजे. दोन्ही प्रकारांतल्या दुसऱ्या बाटलीला बाजारात सरसकट 'हार्डनर' म्हणतात. काम मात्र एक नाही. पॉलिएस्टरमध्ये ते ठिणगी टाकणारे असते: शंभराला एक-दोन भाग पुरतात, आणि उन्हाळ्यात कमी, थंडीत किंचित अधिक, असे थोडे इकडेतिकडे चालते. अराल्डाइटच्या जातीत, म्हणजे इपॉक्सीत, हार्डनर स्वतःच त्या जाळ्याचा धागा असतो. तो जास्त घातला तर काम लवकर होत नाही. जादा धागे मोकळे राहतात आणि बूड कायमचे चिकट राहते. आम्ही एकदा घाईने असे केले होते. ती होडी सुटली नाही, सुधारलीही नाही. अखेर करवतीने कापावी लागली. सरसाने चुकलेला सांधा वाफेने उकलता येतो. जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करणारे पुष्कळ जण आजही सरसालाच धरून आहेत, ते याचसाठी.

शिवाय मिश्रण वाटीत साठवून ठेवू नये. ते घडताना स्वतःच तापते. वाटीत ढीग असला तर धूर निघण्याइतके तापते, पसरट ताटलीत मात्र शांत राहते. हातमोजे हवेत, खोलीची खिडकी उघडी हवी. इपॉक्सीच्या हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की पुढे थोडासा स्पर्शही सोसत नाही.

आणि लेप कधी द्यावा? सकाळी दिला तर ऊन चढते तशी लाकडातली हवा फुगते, बाहेर येते, आणि बुडावर बारीक बुडबुडे उठतात. त्यांतूनच पुढे पाणी शिरते. दिवसभर तापलेले लाकूड निवू लागले की उलट होते. आतली हवा आकसते आणि राळ आत ओढली जाते. म्हणून बुडाचा पहिला, पातळ लेप आम्ही दिवेलागणीला देतो.